एकेएम, एम-फोर आणि केजची गच्ची

अभ्यासिकेत पोरं अभ्यासाला येतात आणि किस्से ठेवून जातात. जाताना पुस्तकं नेतात, पाण्याची बाटली नेतात, एखादा बहाद्दर भिंतीवरचा नकाशासुद्धा काढून नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते माझ्याकडं साचतात. केजला खताच्या दुकानावर माझी अभ्यासिका आहे. आधी मी तिथं अभ्यास करायचो. परीक्षांचं वय निघून गेलं तेव्हा मालक म्हणाले, आता चावी तुझ्याकडंच राहू दे. तेव्हापासून मीच चालवतो. खुर्ची बदलली, खोली तीच.

इतक्या वर्षांत इथं सगळ्यात जास्त चर्चा कशावर झाली असं कोणी विचारलं, तर राज्यघटनेवर म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर बंदुकीवर झाली. मोबाईलच्या गेममधल्या बंदुकीवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ढीगभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात. हात रिकामे. खाली पडकी घरं असतात आणि त्यात बंदुका पडलेल्या असतात. ज्याला जी सापडेल ती त्यानं उचलायची आणि बाकीच्यांना मारत सुटायचं. शेवटी उरेल तो जिंकला. चौघांची टीम करता येते, खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं.

दुपारी डबे खाऊन झाले की आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसायचो. आम्ही म्हणजे मी, गजानन आणि रत्नदीप. गजानन युसूफ वडगावचा. घरची जमीन चिक्कार, चुलते राजकारणात, आणि हा पोलीस भरतीच्या मागं. रत्नदीप केजचाच, वडील निवृत्त मास्तर. तो राज्यसेवेच्या मागं. दोघंही हुशार, आणि दोघांचंही दरवेळी थोडक्यात जायचं. चौथा माणूस गेम देईल तो, कुठलाही अनोळखी.

* * *

वाद पहिल्या दिवसापासूनचा. गजाननला एकेएम लागायची. फटका जबर, पण हात असा हलतो की पहिली गोळी माणसाला लागली तर दुसरी आभाळात. रत्नदीपला एम-फोर. फटका कमी, पण हातात राहते. गजाननचं म्हणणं, मारायचं तर एकदाच मारावं. रत्नदीपचं म्हणणं, आधी लागलं तर पाहिजे.

एकदा दोघं एकाच घरात उतरले. समोर दोन्ही बंदुका पडलेल्या. तिथंच उभं राहून दोघांनी वाद घातला. गजाननला दोन्ही बंदुका घेऊन बघायच्या होत्या, रत्नदीप त्याला एकेएमची गोळी एम-फोरला का चालत नाही ते समजावून सांगत होता. तेवढ्यात खिडकीतून कोणीतरी आत आला. त्याच्या हातात बंदूकच नव्हती, तवा होता. या गेममध्ये तवाही सापडतो. त्यानं आधी गजाननला हाणला, मग रत्नदीपला, आणि दोन्ही बंदुका घेऊन निघून गेला.

रत्नदीपनं मोबाईल मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "मिटला वाद. तवा."

* * *

माझं विचाराल तर मी पहिली जी दिसेल ती उचलायचो. पिस्तूल तर पिस्तूल. गजानन मला एकदा म्हणाला की सर, तुमची काही आवडनिवड आहे की नाही.

मी त्याला सांगितलं की तलाठी, ग्रामसेवक, लिपिक, वनरक्षक, सगळ्या परीक्षा मी याच पद्धतीनं दिल्या.

 पुढच्या मॅचला त्यानं मला एक चांगली बंदूक शोधून आणून दिली.

* * *

राज्यसेवेचा अभ्यास माणसाच्या बोलण्यात उतरतो. रत्नदीपला साधं 'हो' म्हणता येत नाही. प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एकदा डोंगरावर शत्रू दिसला. गजानन ओरडला, कोणती गन काढू ते पटकन सांग. रत्नदीपनं सांगायला सुरुवात केली की एवढ्या लांबून एकेएमचा फटका निश्चित परिणामकारक आहे, तथापि...

तथापिनंतर दोघंही मेले.

तेव्हापासून आमच्याकडं मेला म्हणत नाहीत. "सर, तुमी तथापि झालात," असं म्हणतात.

आणि हाच रत्नदीप एका वर्षी मुलाखतीपर्यंत गेला. आमच्या अभ्यासिकेतून तिथवर पोहोचलेला पहिला. अंगात माझ्या लग्नातला कोट. मंडळातल्या एका साहेबांनी विचारलं, अभ्यासाचा कंटाळा आला की काय करता? सगळे सांगतात की वाचन करतो, ट्रेकिंग करतो. याच्या तोंडून खरं निघालं. साहेबांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी विचारलं, कोणती गन घेता? यानं एम-फोर सांगितली. ते म्हणाले, मी एकेएम. मग यानं त्यांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. बाकीचे सदस्य नुसते बघत बसले होते म्हणे. बाहेर आला तो हसतच. फोनवर मला म्हणाला, सर, झालं काम.

निकाल लागला तेव्हा नाव नव्हतं. थोडक्यात गेलं.

त्या दुपारी गच्चीवर कोणी मोबाईल काढला नाही.  रत्नदीपनं डबा उघडला, भाकरी मोडली आणि म्हणाला, "एकेएम म्हणायला पायजे व्हतं."

* * *

एकदा गेमनं आम्हाला चौथा माणूस दिला तो हिंदीत बोलणारा. आवाजावरून वयस्कर. आणि उपदेश फार. ये मत उठाओ, वो उठाओ, पहले दरवाजा बंद करो. गजानन वैतागला. माईक बंद करून आमच्याजवळ त्याला शिव्या द्यायचा आणि माईक चालू करून "जी भैया, जी भैया" म्हणायचा.

आमच्या गच्चीवर बसस्टँडचा भोंगा ऐकू येतो. अंबाजोगाईची गाडी लागली अशी घोषणा झाली. आम्ही ती ऐकली. आणि लगेच तीच घोषणा कानातल्या हेडफोनमधूनही ऐकू आली, त्या चौथ्या माणसाच्या माईकमधून.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. गजानन तसाच उठला, मोबाईल हातात धरून, खेळत खेळत जिना उतरला. आम्ही मागोमाग. स्टँडवर बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन एक गृहस्थ बसले होते. कानात वायर, मान खाली. गजानन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याचा रंगच उडाला. त्याला दहावीला गणित शिकवणारे सर होते ते. याच्याच वडिलांना घरी जाऊन सांगून आलेले की पोरगं मोबाईलनं वाया गेलंय.

सरांनी वर बघितलं. चष्म्यातून आधी त्याला ओळखलं, मग त्याच्या हातातला मोबाईल बघितला. अंबाजोगाईची गाडी सुटायला आली होती. सरांनी गाडीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं आणि बाकड्यावर जरा सरकून जागा केली.

"बस," ते म्हणाले. "यामागं अजून एक गाडी हाय."

* * *

मग आम्हाला कायमचा चौथा माणूस मिळाला, तो असा.

गजानन भावकीतल्या लग्नाला गेलता. घाईत मोबाईल घरीच राहिला. परत येऊन बघतो तर गेममधला त्याचा नंबर कितीतरी पुढं गेलेला. त्याला वाटलं अकाउंट कोणीतरी हॅक केलं. त्यानं आम्हाला दाखवलं. एकेएमचं नाव नाही, एम-फोरचं नाही. सगळी माणसं शॉटगननं मारलेली. शॉटगन आम्ही कोणी उचलतसुद्धा नाही, कारण तिची गोळी लांब जात नाही. माणूस अगदी पुढ्यात यावा लागतो.

रत्नदीपनं सरळ विचारलं, घरी कोण असतं दुपारी?

खेळणारी गजाननची बायको निघाली, आश्विनी. तिनं एकदम कबूल केलं. म्हणाली, घरचं सगळं आवरलं की दुपारी करायला काही नसतं, तर म्हटलं हे एवढं काय बघत असतात ते बघावं. गजाननला राग कमी आणि उत्सुकता जास्त. त्यानं विचारलं, शॉटगनच कावून?

"लोकांच्या मागं कोण पळंल?" ती म्हणाली. "दाराआड उभं ऱ्हायचं. माणूस घरात येतोयच कवातरी."

तेव्हापासून वैनी आमच्या टीममध्ये. ती घरून तिच्या मोबाईलवर खेळायची, आम्ही गच्चीवरून. खेळ आमच्यापेक्षा चांगला, फक्त एक अडचण. हेडफोनमध्ये कुकरची शिट्टी वाजली की मॅच गेली समजायचं. शेवटचे दोन शत्रू उरलेत, जिंकायला आलोय, आणि वैनी म्हणायची, "भाऊजी, झाली शेवटची. मी चालले." गेममधल्या तिच्या बाईला तिथंच गवतात उभी करून ती निघून जायची. किती मॅच आम्ही वरणासाठी हरलो याचा हिशेब नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी फार कोणाला सांगत नाही.

भरतीच्या मैदानावर धावताना गजाननचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पळणं विसरा. त्याचं पोलीस होणं तिथंच संपलं. महिनाभर तो गच्चीवर नुसता बसून असायचा. मग त्याचे चुलते, त्यांना सगळे आबा म्हणतात, घरी आले आणि म्हणाले, पुस्तकं बास झाली, आता माझ्यासंग हिंड. निवडणुकीचे दिवस होते. गजानन त्यांच्या जीपमध्ये पुढं बसायला लागला आणि अभ्यासिकेत यायचा बंद झाला.

आबांकडं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. आमच्याकडं अशी वस्तू लोक मिरवतात. एक दिवस गजाननच्या स्टेटसला फोटो आला, तो जीपला टेकून उभा आणि हातात ते. फोटोखाली त्यानं वाघाचं चित्र टाकलेलं. त्या दिवशी आश्विनीचा मला फोन आला. तिनं एवढंच विचारलं, हे अभ्यासिकेत येतात का. मी नाही म्हणालो. तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी पलीकडच्या गावात आबांच्या माणसांची कोणाशी तरी बाचाबाची झाल्याचं कानावर आलं. कोणाची, कशावरून, ते सांगणारा प्रत्येक जण वेगळं सांगत होता.

त्या दुपारी गच्चीवर मी आणि रत्नदीप दोघंच होतो. वैनी घरून. मॅच सुरू होणार तेवढ्यात चौथ्या जागेवर गजाननचं नाव आलं. आम्ही खूश झालो. त्याच्या माईकमधून जीपचा आवाज येत होता, आणि दोन-तीन माणसं मोठ्यानं बोलत होती.

आम्ही बेटावर उतरलो. गजाननच्या पुढ्यातच एकेएम पडलेली होती. त्यानं उचलली नाही. वैनी पुढं आणि तो तिच्या मागं, नुसता चालत राहिला.

रत्नदीप म्हणाला, "गज्या, तुझ्याजवळच पडलीय की. घे."

गजानन एकेएम ओलांडून पुढं गेला.

"रिकाम्या हातानं कावून हिंडायलास बे?"

जीपचा आवाज तेवढा येत राहिला. मग गजानन अगदी हळू म्हणाला, "एक हाय हातात."

रत्नदीप स्क्रीन डोळ्याजवळ नेऊन बघायला लागला. म्हणाला, मला तर दिसंना.

"गेममदी न्हाई," गजानन म्हणाला.

वैनी थांबली. तिची ती गेममधली बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. रत्नदीप थांबला, मीही थांबलो.

तिनं विचारलं, "कुटं निगालाय?"

"न्हाई सांगता यायचं."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "येताना मेथी आणा. दोन जुड्या."

"आत्ता?"

"आत्ताच. उतरा अन् घ्या. मला सैपाकाला लागती."

 आम्ही चौघं त्या रस्त्यावर तसेच उभे होतो. कुठूनतरी एक जण आला. आम्ही उभेच आहोत हे बघून तो आधी बिचकला असावा. मग त्यानं एकेक करून चौघांना मारलं. आमच्यातल्या कोणी गोळी झाडली नाही. स्क्रीन काळी झाली आणि गजाननचं नाव दिसायचं बंद झालं.

आम्ही दोघं खाली अभ्यासिकेत आलो आणि रत्नदीप पुस्तक उघडून बसला. त्या दिवशी त्यानं पान उलटलेलं मला दिसलं नाही.

ऊन कलल्यावर जिन्यात पावलं वाजली, एक जड, एक हलकं. गजानन एक पाय ओढत वर आला. चपला, पँट, पार गुडघ्यापर्यंत धूळ. जीप कुठं थांबली, आबा काय म्हणाले, ती वस्तू कोणाच्या हातात दिली, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याच्या हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. त्या त्यानं टेबलावर ठेवल्या. लांबून उन्हातून आणल्यामुळं पानांनी माना टाकल्या होत्या.

रत्नदीप उठला. बाटलीतलं पाणी हातावर घेऊन त्यानं जुड्यांवर शिंपडलं.

"अजून मार," गजानन म्हणाला. "घरी जाऊस्तर ताजी दिसली पायजे."