पाळण्याची पाहणी

आमची मावशी बँकेत होती, पण तिच्या टेबलाशी ती क्वचितच सापडायची. कुणी धंद्यासाठी कर्ज मागितलं की देण्याआधी जागेवर जाऊन पाहून यायचं, हे तिचं काम, आणि ते ती अगदी जीव लावून करायची. बेकरीत गेली की ताज्या पावाकडे ढुंकूनही बघायची नाही, कालचा उरलाय का विचारून तो खायची. एका बाईने सलूनसाठी अर्ज केला तेव्हा मावशी स्वतःच खुर्चीत बसली आणि केस कापून घरी आली. काकांनी दार उघडून कोण पाहिजे म्हणून विचारलं. तरी कर्ज द्या असंच तिने लिहिलं, कारण दुकानात बसायला जागा नव्हती इतकं गिऱ्हाईक होतं.

मग सरकारने एक योजना आणली. नव्या कंपन्यांना बँकांनी सढळ हाताने कर्ज द्यायचं आणि कंपनी बुडाली तर जवळजवळ सगळे पैसे सरकार भरणार. हेतू चांगलाच होता. तारण ठेवायला घरदार नसलेल्या हुशार पोरांना एरवी कोण उभं करतं? पण मावशीच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की या कर्जांसाठी आता हिंडायची गरज नाही, कागद बघा आणि सही करा. साहेब माणूस वाईट नव्हता. किती कर्जं वाटायची तो आकडा वरून ठरून आला होता.

"बुडालं तरी आपलं काही जात नाही," ते म्हणाले.

"मग कोणाचं जातं?"

"सरकारचं."

मावशीने फाइल पिशवीत टाकली आणि तडक माझ्याकडे आली. फाइल पाळण्याच्या कंपनीची होती आणि माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची. बाळाला दुपटं गुंडाळ आणि चल, एवढंच म्हणाली.

कंपनी म्हणजे एका गॅरेजमागची खोली आणि दोन मित्र, एक लंबू आणि एक चष्मेवाला. दोघांचीही लग्नं व्हायची होती. त्यांचा पाळणा बाळ रडलं की आपोआप झुलायचा आणि गप्प झालं की थांबायचा. रडण्याचं रेकॉर्डिंग लावून आणि आत पिठाची पिशवी ठेवून त्यांनी तो शेकडो वेळा तपासला होता. पिशवीने कधीच तक्रार केली नव्हती.

मुलीला आत ठेवलं. ती रडली, पाळणा झुलला, ती पेंगली, पाळणा थांबला. थांबताना मोटरने बारीकसं 'कट्' केलं. मुलगी दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. पाळणा पुन्हा झुलू लागला. हा खेळ इतका वेळ चालला की मावशीला हसू आवरेना, आणि शेवटी ते दोघेही ओशाळून हसायला लागले.

किती पाळण्यांसाठी कर्ज हवंय, तिने विचारलं. हजार, लंबू म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने खरं काय ते सांगितलं. "आम्ही पन्नासचंच मागत होतो. बँकेतले म्हणाले, सरकारची हमी आहे, तर एवढं कमी कशाला मागता?"

मावशीने अहवालात लिहिलं की पन्नासपुरतं द्या, आवाज घालवू द्या, मग पुढचं बघू. साहेबांनी तो वाचला, मान डोलावली आणि हजाराचं कर्ज मंजूर केलं.

पोरांनी मोठ्या काचा लावलेलं चकचकीत दुकान थाटलं. पाळणे खपले, पण जितके गेले त्यातले निम्मे त्या 'कट्'पायी परत आले. वर्षभरात दुकानाला टाळं लागलं. सरकारने बँकेचे पैसे भरले, बँकेचा हिशोब स्वच्छ राहिला आणि आकडा गाठल्याबद्दल साहेबांचं कौतुकही झालं. मावशी मात्र आमच्या स्वयंपाकघरात धुसफुसत होती. तिच्या पगारातून कर कापला जातो, मी बाळाची पावडर घेते त्यावरही कर असतो, मग हे पैसे भरले कुणी? "घरात पाळणा नाही," ती म्हणाली, "आणि त्याची किंमत आपण मोजली."

थोड्या दिवसांनी ते दोघे तिच्याकडे आले. बोलणी खायची तयारी ठेवूनच आले होते. तिने त्यांना आधी जेवायला वाढलं आणि मग त्या आवाजाचं काय झालं ते विचारलं. चष्मेवाल्याने तो केव्हाच घालवला होता. आता पाळणा हळूहळू मंद होत थांबायचा. पण पदरात हजार पाळणे पडलेले, हप्ते दारात उभे, तेव्हा दुरुस्त करायला सवड कुणाला होती? पुढे बँकेने माल लिलावात काढला तेव्हा नोकऱ्या धरून केलेल्या कमाईतून त्यांनी वीस पाळणे सोडवून आणले, दुरुस्त केले आणि महिन्याच्या भाड्याने द्यायला लागले. बाळं भराभर वाढतात, विकत कोण घेतो? धंदा लहान आहे, पण चालतो. माझ्या जाऊबाईंचा मुलगा त्यातल्याच एका पाळण्यात झोपायचा.

पुढे सरकारने नियम बदलला. बुडालेल्या कर्जातला चौथा हिस्सा आता बँकेने सोसायचा. दुसऱ्याच दिवशी साहेब मावशीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि पाहणीला कधी निघायचं असं अदबीने विचारू लागले. रेनकोटची कंपनी होती. मावशीने त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं, रेनकोट चढवायला लावला आणि अंगणातला नळ पाइप लावून सोडला. पाठीच्या शिवणीतून पाणी आत गेलं. साहेब शर्ट पिळत म्हणाले की बाह्या मात्र उत्तम आहेत, आणि मालकाला शिवण सुधारून महिन्याने या म्हणाले.