नाव न घ्यायचा पाला

रामीच्या नाकावर राग असतो, असे पोशेऱ्यातल्या बायका म्हणत. त्यात खोटे काही नव्हते. पण त्या बायकांना नवसूच्या घरातले सोंग रोज जवळून बघावे लागत नव्हते, रामीला लागत होते.

नवसू तिचा सासरा. जव्हार संस्थानातल्या त्या सगळ्या डोंगरपट्ट्यात जखमेवरचे औषध म्हणजे नवसूचे. कोणाला कोयता लागो, कोणाला अस्वल ओरबाडो, माणसे त्याच्याच दारात येत. मग तो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत डोंगर चढे. वाटेत कोणाशी बोलायचे नाही, मागे वळून बघायचे नाही. येताना घोंगडीखाली काहीतरी झाकलेले असे. ते घरामागे एकटाच पाट्यावर वाटत बसे आणि हिरवा लगदा पळसाच्या पानात बांधून देई. पाल्याचे नाव विचारायचे नाही. नाव तोंडातून निघाले की गुण गेला, हा त्याच्या बापाचा नियम. मोबदला तो घेत नसे, फार तर बरे झाल्यावर एखादा कोंबडा. मान मात्र पोटभर घेई.

आणि तो पाटा धुवायचा कोणी? रामीने. पाट्याला चिकटलेली दातेरी, केसाळ पाने, एखादे बारके पिवळसर फूल आणि तो उग्र वास. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने ओळखले, की हा बांधाबांधावर उगवणारा, गुरे तुडवतात तोच पाला. खरचटले तर गुराखी पोरेसुद्धा तोच चोळतात. म्हातारा त्यासाठी डोंगर कशाला चढतो, हे तिला कोडेच होते. पण पाला कोणता का असेना, खरा गुण सासऱ्याच्या हातात आणि त्याच्या मौनात आहे, असे तीही धरून चालली होती. सगळेच धरून चालले होते.

तिचा बाप लहान्या जामसरला राही. एकटाच. वर्षभरापासून त्याला सारखी तहान लागे, अंग उतरत चालले होते आणि तो लघवीला बसे त्या जागी मुंग्यांची रांग लागे. अशात त्याच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. दुसऱ्या कोणाचा असता तर विसरूनही गेला असता. लहान्याच्या पायाला मात्र भोक पडले, ते मिटेना. जव्हारच्या दवाखान्यात जा म्हटले तर म्हणे, तिथे पाय कापतात. शेवटी रामीने सासऱ्याला गळ घातली.

नवसूचे एक मान्य करायला हवे. त्याने मुंग्यांचे ऐकले आणि लगेच सांगितले, "गूळ बंद. मोहाची फुलं बंद. भात कमी, नागलीची भाकर खा. पाय टेकायचा नाय." म्हाताऱ्याला कळत होते. कळत नव्हते असे कोणी म्हणू नये. म्हणूनच पुढे त्याने जे केले त्याचा रामीला जास्त संताप आला.

औषध लागू पडू लागले. लगदा दोन दिवसांत सुकून जाई, म्हणून रामी पोशेरा ते जामसर खेपा घाली. जखम ओली होती ती कोरडी पडली, कडा गुलाबी दिसू लागल्या. मग पाऊस धरला आणि ती माहेरी असतानाच वाटेतल्या नदीला पूर आला. अलीकडचे माणूस अलीकडे, पलीकडचे पलीकडे. पानातले औषध संपले. पायाला पुन्हा वास यायला लागला.

"नवसूयाही पाठवतील कुणासंगं तरी," लहान्या व्याह्याच्या भरवशावर म्हणायचा.

कसे पाठवतील, उडत? रामी रोज नदीपर्यंत जाऊन यायची, पाणी बघायची आणि हात हलवत परतायची. आणि बापाच्या घरामागच्या बांधावर तोच पाला पावसाने माजून गुडघ्याला लागत होता. ती त्यातूनच चालत नदीवर जात होती. पण तो नुसता पाला होता ना. सासऱ्याने मुक्याने आणलेला थोडाच होता.

एके दुपारी पट्टी सोडली तर जखमेत वळवळ दिसली. रामीने किडे काढले, निंबाचा पाला उकळून त्या पाण्याने पाय धुतला, आणि तशीच तणतणत बांधावर गेली. मूठभर पाला ओरबाडला. तोंडाने ती सासऱ्याला, नदीला, सगळ्यांना शिव्या देत होती, म्हणजे मौनाचा तर प्रश्नच नव्हता. दगडावर वाटला, पळसाच्या पानात घातला आणि बापाला सांगितले, "पलीकडून माणूस पोहून आला. मामांनी दिलाय."

लहान्याने ते पान कपाळाला लावले.

पुढचा सगळा पाऊस तिने असाच काढला. रोज धुणे, रोज ताजा लगदा, तीच पोहून आलेल्या माणसाची थाप, गुळाचा खडा दिसला की हिसकावून घेणे. जखम भरत आली. पूर्ण नाही, पण काठी टेकत लहान्या अंगणात येऊ लागला. पाऊस उघडल्यावर त्याने काय करावे? हट्टाने बैलगाडीत बसून, काखेत कोंबडा घेऊन तो पोशेऱ्याला आला. ओट्यावर गावची चार माणसे होती. त्याने नवसूच्या पायावर डोके ठेवले.

"याही, पुरातून औषध धाडलंत. तुमचा हात देवाचा हाय."

नवसूने काहीच धाडले नव्हते. ते त्याला ठाऊक होते आणि दारात उभ्या रामीला ठाऊक होते. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले. मग कोंबडा पायांना धरून रामीच्या सासूच्या, गौराच्या हातात दिला.

रामीला चूप बसता आले असते. नंतर पुष्कळांनी तिला ते ऐकवले. पण पावसाळाभर बापाच्या पायातली घाण आपल्या बोटांनी काढलेल्या बाईने त्या वेळी चूप बसावे, असे सांगणाऱ्याने आधी तशी घाण काढून बघावी.

"कोणी काय धाडलं नाय," ती म्हणाली. "मीच लावला, तुझ्या घरामागचा. दगडीपाला हाय तो, बा. मामा आणतात तोही दगडीपालाच."

गौराने कानांवर हात ठेवले. ओट्यावरची माणसे उठून उभी राहिली. आणि लहान्या, ज्याचा पाय त्या पाल्याने भरत आला होता तो लहान्या, खाली बसला आणि स्वतःच्या हाताने पट्टी सोडू लागला.

"नाव घेतलंस," तो म्हणाला. "आता याच्यात काय राहिलं?" त्याने लगदा खरवडून अंगणात टाकला.

रामी सासऱ्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला काकुळतीने बोलली. "मामा, तुम्ही सांगा याला. नाव घेतलं तरी लागू पडतं, एवढंच सांगा."

एक शब्द पुरे होता. नवसू म्हणाला, "माझ्या घरचा नियम हाय. मी काय सांगू?" आणि आत निघून गेला.

लहान्या जामसरला परतला. रामी त्याच्या मागोमाग गेली, पण तो तिला पायाला हात लावू देईना. पथ्यही सोडले. औषधच मेले तर पथ्य कशाला, म्हणून गूळ खाऊ लागला. थंडी पडेपर्यंत पाय घोट्याच्या वर काळा पडला. तेव्हा तो म्हणाला, "याहींना म्हणावं, नवं आणा. तुझ्या तोंडचं नको."

रामी पोशेऱ्याला गेली, सासऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली. नवसू मुकाट डोंगरावर जाऊन आला आणि पळसाचे पान तिच्या हातात दिले. तिने वाटेत ते उघडूनही पाहिले नाही. वास येतच होता.

लहान्याने तो लगदा लावून घेतला आणि त्याचे तोंड निवळले. "हा खरा," तो म्हणाला. "तू तेव्हा बोलली नसतीस, पोरी, तर मी वाचलो असतो."

तो दोन रात्रींनी गेला. बाया जमल्या. मेलेल्याचे गुण गात रडायची रीत, तशा त्या रडू लागल्या. रामी बापाच्या पायाशी बसली आणि त्याला शिव्या देऊ लागली. मूर्खा म्हणाली, अडाण्या म्हणाली, कोणाच्या पायावर डोकं ठेवलंस म्हणाली. तिची चुलती सुकरी हिने तिच्या तोंडावर हात दाबला. रामीने तो बाजूला केला.

"तोच होता, बा," ती त्याच्या काळ्या पायाला धरून सांगत होती. "दोन्ही वेळेला तोच होता."