वैद्यनाथरावांचं नित्य वाचन

"बोट ठेवलंय मी. याच ओळीवर. वाचा!"

"सोवळ्यात आहे मी, गंगा. पोथीला हात लावू नकोस."

"लावला. आता वाचा."

"नवऱ्याची परीक्षा घेतेस? वाचन झालं, आरती झाली. कॉफी आण आता."

"कॉफी निवू दे. हे अक्षर कुठलं, एवढंच सांगा."

वैद्यनाथरावांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला, परत घातला. अक्षराकडे मात्र पाहिलं नाही.

"डोळे चुरचुरतात."

"अय्यो! इंग्रजी पेपरातले शेअरचे भाव वाचताना नाही चुरचुरत?"

गंगाबाईंनी बोट त्या ओळीवरून हलवलं नाही. जाब त्या विचारत होत्या, पण मनातून विनवीत होत्या, की अहो, वाचा, एकच शब्द वाचा आणि मला खोटी पाडा!

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी त्यांनी पोथी गच्चीवर उन्हात घातली. जुनी रामकथेची पोथी, सुट्या पानांची. राजवाड्याच्या बाजूनं वारा आला आणि पानं गच्चीभर उडाली. त्या गोळा करत होत्या, तोच खाली तिरुवैयारुच्या वेंकटरावांची मोपेड थांबली. पानं हाताला लागतील तशी रचली, वर फडकं बांधलं आणि त्या धावत खाली आल्या. संध्याकाळी नीट लावू म्हणाल्या आणि विसरल्या. आठवलं ते सकाळी, वाचनाला आवाज लागला तेव्हा. आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून त्या खांबाआड अंग चोरून बसल्या.

कुणी ओरडलं नाही. ओव्या नेहमीसारख्या खळखळत निघाल्या. गंगाबाईंनी मान लांब करून पानावर पाहिलं.

तोंडात सीतेचं स्वयंवर चाललं होतं आणि पानावर लंका जळत होती.

वैद्यनाथरावांनी शांतपणे पान उलटलं. पुढच्या पानावर राम अजून जन्माला यायचा होता. त्यांनी त्याचं लग्न लावून दिलं.

तमिळ मुलखातल्या त्या गावात, राजवाड्यामागच्या गल्लीत, मराठी बोलणारी घरं बरीच होती. मराठी वाचणारं हे एकच, असं सगळे धरून चालत. तोंडात मराठी, रस्त्यावर तमिळ, कागदावर इंग्रजी, ही तिथली रीत. वैद्यनाथरावांनी पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत इंग्रजी फायलींत जन्म काढला, पण सकाळचं वाचन कधी चुकवलं नाही. तापात वाचलं. वादळानं कौलं उडाली त्या सकाळी ओल्या भिंतीला टेकून वाचलं. लेकीच्या लग्नात दारात नादस्वरम् वाजत होतं आणि हे आत वाचत होते. अलीकडे गल्लीत केबल आली, घराघरांतून सकाळीच सिनेमाची गाणी सुरू झाली, तर यांनी फक्त आवाज चढवला. आया मुलांना म्हणत, "वैद्यनाथमामांना पाहा! नेम असावा तर असा."

"तू," वैद्यनाथराव एकदम म्हणाले, "तू कधी वाचायला शिकलीस?"

"अलमेलुच्या ओसरीवर. हिंदीच्या परीक्षेला मुली बसवते ना ती. अक्षरं तीच तर आहेत."

"घर मराठी, आणि अक्षरं हिंदीच्या शिकवणीतून!"

"दुपारी तुम्ही झोपलात की जात होते. पोरी हसत, पाट्टी आली, आजीबाई आली म्हणून. सांधे दुखत, कंटाळा येई. नको वाटे, तेव्हा तुमची आठवण काढायची. म्हणायचं, ते ताप अंगात घेऊन वाचतात आणि तुला ओसरीपर्यंत जाववत नाही? एक दिवस तुमच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचेन, तुम्ही चकित व्हाल, असं योजलं होतं मी!"

वैद्यनाथराव पाटावर बसले होते, ते आणखी खाली गेल्यासारखे दिसले.

"झालो की चकित," ते पुटपुटले.

"थट्टा नको. खरं सांगा. एकही अक्षर येत नाही?"

त्यांनी समईची वात पुढे सारली.

"अप्पांनी मांडीवर बसवून म्हणवून घेतलं. इथवर म्हणायचं, पान उलटायचं. पुढे म्हणायचं, उलटायचं. तेवढंच शिकवलं."

"पण अक्षरं? सासऱ्यांनी अक्षरं का नाही शिकवली?"

"त्यांना कुठे येत होती!"

गंगाबाईंनी पोथीवरचं बोट काढून घेतलं. नवी नवरी म्हणून या घरात आल्या, तेव्हा सासऱ्यांचं वाचन ऐकून त्यांची छाती दडपली होती. केवढ्या विद्वानांच्या घरी पडलो आपण! तो आवाज, ती पानांची सळसळ.

"मग येत होती कुणाला?"

"मला काय ठाऊक? अप्पांना त्यांच्या वडिलांनी म्हणवून घेतलं. त्यांना त्यांच्या." मग ते उसळले. "पाठ तर आहे ना? एक ओवी सुटू दिली नाही मी! रोज म्हटली! त्याला काहीच किंमत नाही?"

"आहे हो. कोण नाही म्हणतंय? पण काल वेंकटराव काय विचारायला आले होते?"

वैद्यनाथराव पोथीला फडकं बांधू लागले.

"तिरुवैयारुला त्यांच्या घरी वर्ग. रविवारपासून. आपल्या पोरांस मराठी लिहा-वाचायला शिकवायचं. पाट्या आणल्या, फळा आणला. आणि तुम्ही ताठ बसून म्हणालात, येतो! मी आत कॉफी गाळत होते. किती फुगले होते मी!"

"नाही कसं म्हणणार? आजवर सगळ्यांनी..."

"फळ्यावर काय काढणार होतात?"

वैद्यनाथरावांनी फडक्याची गाठ आवळली.

"पोरं विश्वास ठेवतील हो! तुम्ही जे काढाल त्याला 'अ' म्हणतील." गंगाबाई पुढे सरकल्या. आवाज खाली आला. "रविवार पुढे ढकलू. मी शिकवते तुम्हांस. सकाळी, याच वेळी, दार लावून. अलमेलुलासुद्धा कळणार नाही. पण वेंकटरावांना आज सांगायला हवं. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

वैद्यनाथराव उठले. उपरणं खांद्यावर नीट टाकलं. खुंटीवरचा सदरा घेतला नाही, कॉफी मागितली नाही. समोरच्या घरातून टीव्हीवरचं गाणं जोरात येत होतं.

"अहो, काहीतरी बोला! तुम्ही, की मी?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या, दार उघडलं आणि ते तिरुवैयारुच्या बसकडे चालू लागले.