स्वयंपाकघरातली राजधानी

ज्या देशात आपण कधी पाऊल ठेवलं नाही, त्या देशाच्या नकाशावरून पुसल्या गेलेल्या सीमांसाठी घरच्यांशी अबोला धरणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो मला लग्नात सासरकडून मिळाला. माझ्या बायकोचे मामा. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. नोकरीभर त्यांनी लोकांना झोपवण्याचा पगार घेतला आणि निवृत्तीनंतर तेच काम विनामूल्य सुरू केलं. त्यासाठी त्यांना इंजेक्शन लागत नसे. जपानचे जुने प्रांत पुरत.

याला कारण मामीच. जुन्या वस्तूंच्या एका चॅरिटी शॉपमध्ये त्यांना एक सुरेख लाकडी फ्रेम दिसली. तुळजापूरच्या देवीचं चित्र सांगलीहून आणल्यापासून गुंडाळीतच होतं, त्याला ही फ्रेम बरोबर बसेल असा त्यांचा हिशेब. फ्रेममध्ये जपानचा कुठला तरी जुना नकाशा होता. तो काढून टाकण्याआधी मामा म्हणाले, "थांब, जरा बघतो." ते बघणं पुढे संपलंच नाही. देवी कपाटातच राहिली. आम्ही कधी तिच्याबद्दल विचारलं तर मामी म्हणायच्या, "तिला सांगितलंय मी, जपानची गर्दी ओसरली की तुझा नंबर."

गर्दी ओसरण्यासारखी नव्हती. सहासष्ट प्रांत आणि वर दोन बेटं. कै प्रांत चहूबाजूंनी डोंगरात बसलेला, म्हणून तिथली माणसं हट्टी. शिनानो दहा प्रांतांना टेकलेला, म्हणून शेजारी फार आणि भांडणंही फार. मुत्सू उत्तरेला एवढा पसरलेला की त्याचा शेवट कुठे होतो हे राजधानीतल्या कारकुनांना बराच काळ ठाऊक नव्हतं, आणि शिमा एवढासा की, मामांच्या शब्दांत, "आपलं औंध संस्थान त्यापुढे साम्राज्य वाटेल." ही नावं लक्षात राहत नाहीत अशी तक्रार केली की ते मिरजेवर यायचे. "मिरजेची थोरली पाती आणि धाकटी पाती ज्याच्या आजोबांना पाठ होती, त्याला वरचा काझुसा आणि खालचा शिमोसा अवघड का जावेत?" माझे आजोबा नागपूरचे होते आणि त्यांना मिरजेशी काही कर्तव्य नव्हतं, हे मी सांगून पाहिलं होतं. मामांनी ते खालच्या कोर्टाचं मत म्हणून बाजूला ठेवलं.

डिसेंबरात त्यांना सुपरमार्केटमध्ये नेणं धोक्याचं असे. इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमाराला जाळीच्या पिशव्यांतून छोटी संत्री येतात, त्यांना इथे सगळे सात्सुमा म्हणतात. सात्सुमा हा दक्षिण टोकाचा प्रांत. लाखो इंग्रज दर हिवाळ्यात एक जुना प्रांत सोलून खातात आणि त्यांना पत्ता नसतो, याचं मामांना मनापासून दुःख होतं. एकदा पिशवीवर 'स्पेनमध्ये पिकवलेली' असं वाचून ते टिलवरच, पैसे भरायच्या काउंटरपाशी, रुतले. मागे रांग लागली. टिलवरच्या मुलीने फार समजूतदारपणे विचारलं, "अंकल, डू यू वाँट अ रिफंड?" तेव्हा मामी मागून म्हणाल्या, "नको गं बाई. त्यांना रिफंड नकोय, त्यांना ऐकणारं माणूस हवंय. तू सामान स्कॅन करत राहा, तोवर ते सरदारांपर्यंत पोचतील."

मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना एकदाच पाच मिनिटं दिली. त्याआधी अध्यक्षांचा सत्कार झाला होता. मंडळात सत्काराला वेळ कमी पडत नाही. कमी पडतात ते खुर्च्या उचलायला हात. मामा उठले आणि सांगू लागले, की तीन प्रांत असे होते जिथले सुभेदार राजघराण्यातले असत. ते स्वतः प्रांतात कधीच जात नसत, राजधानीत बसून मान घेत, आणि राबायला एक दुय्यम अधिकारी पाठवत. मामा केवळ भूगोल सांगत होते, याची मी शपथ घ्यायला तयार आहे. पण सगळं सभागृह हळूहळू अध्यक्षांच्या खांद्यावरच्या शालीकडे बघू लागलं. पुढच्या वर्षीपासून मामांना प्रसाद वाटायचं काम मिळालं.

पण मामांना खरं वेड होतं ते एका पद्धतीचं. क्योतोला राजधानी होती तेव्हा प्रांतांची नावं राजधानीपासूनच्या अंतरावरून पडत. एचिझेन म्हणजे पुढचा, एत्चू मधला, एचिगो मागचा. राजधानीला जवळ तो पुढचा, लांब तो मागचा. जगात याहून स्वच्छ व्यवस्था निघाली नाही असं मामांचं मत होतं, आणि ती त्यांनी घरात लागू केली. राजधानी म्हणजे स्वयंपाकघरातली रेडिएटरजवळची मामींची खुर्ची. तिथून जवळ ते पुढचं, लांब ते मागचं. स्वयंपाकघर घराच्या मागच्या बाजूला असल्यामुळे बागेचं दार हे पुढचं दार झालं आणि रस्त्याकडची बैठकीची खोली मागची. नवा सोफा घेऊन आलेल्या दोघांना मामांनी 'बॅक रूम'मध्ये ठेवायला सांगितलं आणि ते फिरायला गेले. परत आले तर सोफा फ्रीजला टेकून उभा, आणि मामी सोफ्यावर चढून भाजी परतताहेत. "बसा," त्या म्हणाल्या, "दरबार भरलाय."

ही व्यवस्था घराबाहेरही चाले. लेस्टरहून निघालं की आधी आमचं बर्मिंगहॅम लागतं आणि मग पार तिकडे कार्डिफ, जिथे मामांची एकुलती एक मुलगी युनिव्हर्सिटीत शिकवते. त्यामुळे आम्ही मधला प्रांत आणि ती मागचा. तिला हे लहानपणापासून पुरेसं झालं होतं. शाळेतल्या मैत्रिणींसमोर बाप प्रांत मोजतो, हे दुःख इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलीलाच कळेल. मामा सुरू झाले की ती कानात इअरफोन घालायची. "बाबा, मी काय मागचा नाही हं," ती एकदा चिडून म्हणाली होती. मामांनी तिला प्रेमाने समजावलं, की मागचा म्हणजे कमी नव्हे, भात तिथलाच उत्तम.

मी या राज्यात फार लवकर अपराधी ठरलो. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीला मी विचारलं, "मामा, हे प्रांत रद्द होऊन दीडशे वर्षं झाली. आता उपयोग काय?" मामांनी मोदक खाली ठेवला. "रद्द? कोणी रद्द केले? जिल्हे नवे आखले. पण प्रांत रद्द केल्याचा हुकूम दाखवा मला, जावईबापू. नाहीये. नुसते वापरायचे थांबले लोक." मग त्यांनी मला ओकीला हद्दपार केलं. ओकी हे समुद्रातलं बेट, तिथे गुन्हेगारांना पाठवत. मामांच्या घरात ओकी म्हणजे कन्झर्व्हेटरी: तीन बाजूंनी काच, हीटिंग नाही, आणि एक वेताची खुर्ची. त्यानंतर दर गणपतीला माझं पान तिथेच मांडलं जाई. मामी काचेच्या दारातून गरम वरण आणून वाढत आणि हळूच सांगत, "वाईट वाटून घेऊ नका हो. सम्राटांनासुद्धा पाठवलं होतं म्हणे तिथे." मामांची शिक्षा माफ करण्याची पद्धत काय, असं मी विचारलं तेव्हा कळलं की सम्राटांनाही ती शोधून सापडली नव्हती. एकाला शेवटी पळून यावं लागलं.

मामी गेल्या त्या वर्षी गणपती बसले नाहीत.

मामा मात्र होते तसेच राहिले, आणि काळजी नेमकी त्याचीच होती. पुढच्या दाराने बागेत जात, मागच्या खोलीत टीव्ही बघत, खुर्चीला वळसा घालून चहा करत. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा ते बागेत पडले आणि शेजाऱ्याने बघेपर्यंत गारठ्यात तसेच होते. मुलीने कार्डिफच्या घरात खालची खोली तयार केली, डॉक्टर बघून ठेवला. मामा हलेनात. फोनवर समजावून झालं, डोळ्यांतून पाणी काढून झालं. अखेर एका शनिवारी ती लेस्टरला आली, आम्हीही गेलो. सवयीने मी कन्झर्व्हेटरीत बसलो. स्वयंपाकघराकडचं दार उघडं होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

"मामा, पुढचा हिवाळा एकट्याने निघायचा नाही तुमच्याच्याने," माझी बायको म्हणाली.

"अगं, मी येईन. यायला काय झालं? पण तिथे गेल्यावर मी राहणार कुठे?"

"बाबा, खालची रूम केलीये ना तुमच्यासाठी. एन-स्वीट आहे, बाथरूम आतच."

"खोली नाही म्हणत मी." मामा खुर्चीकडे बघत होते. त्या खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं. कोणी बसतही नसे. "तिथे सगळं मोजायचं कुठून? मी इथून उठलो की हे पुढचंही नाही आणि मागचंही नाही. नुसतं घर उरेल."

मी काचेतून बाग बघू लागलो. चेष्टेने भरलेलं डोकं अशा वेळी अगदी रिकामं असतं.

मग मुलगी बोलली. "बाबा, क्योतोची राजधानी टोकियोला गेला, राइट?"

"हं."

"टोकियोवरून बघितलं तर एचिगो जवळ आहे. एचिझेन लांब. म्हणजे नावं सगळी उलटी झाली पाहिजे. पण कोणी चेंज नाही केली. एचिगोला अजून मागचाच म्हणतात. क्योतोवरूनच मोजतात, जरी तिकडे आता कोणी राजा बसत नाही." ती थांबली. "तुम्ही कार्डिफला या. आपण मोजू इथूनच. मी मागचाच राहीन, आय डोन्ट माइंड."

इअरफोनमध्ये बहुधा तेव्हा गाणी चालूच नसावीत.

आयुष्यभर तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करणाऱ्या माणसाने या वाक्यांना हात लावला नाही. मामा फक्त घसा खाकरून म्हणाले, "एत्चू राहिलं. मधलं."

"हो, एत्चू पण," ती म्हणाली आणि रडायला लागली. मामा उठून तिच्यासाठी चहा करायला गेले. खुर्चीला वळसा घालून.

घर विकलं गेलं. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांची बैठकीची खोली पुढे आहे आणि स्वयंपाकघर मागे, जसं चारचौघांकडे असतं. नकाशा मामांच्या कार्डिफच्या खोलीत लागला. देवीला मुलीने नवी फ्रेम करून दिली आणि तिचा नंबर एकदाचा लागला. मामा तिथल्या लायब्ररीतल्या लोकांना भूल देतात, असं कळतं. नवीन ओळख झाली की ते सांगतात, "मी सध्या मागच्या प्रांतात असतो." ऐकणाऱ्याला वाटतं, वेल्सबद्दल काही बोलताहेत.

गेल्या महिन्यात आमच्या बर्मिंगहॅमच्या घरी रेडिएटर दुरुस्त करायला माणूस आला. कुठल्या खोलीतला, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, "फ्रंट बेडरूम." तो वर गेला आणि जरा वेळाने खाली येऊन म्हणाला, "मेट, तो तर उत्तम चाललाय." मी वर गेलो. तो बरोबर रस्त्याकडच्या खोलीत उभा राहिला होता. मला म्हणायची होती ती बागेकडची, पूर्वेची, लेस्टरच्या बाजूची. हे मी त्याला समजावलं नाही. मलाच समजायला थोडा वेळ लागला.

संध्याकाळी मी मामांना फोन करून ही गंमत सांगितली. वाटलं, हसतील. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"जावईबापू," मामा म्हणाले, "थंडी फार असते हो तिथे. कन्झर्व्हेटरीतून आत या आता."

कन्झर्व्हेटरी आता दुसऱ्यांची आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हणालो, "आलो, मामा."