ऑटोक्लेव्हवरचा पांढरा डबा

आमच्या लॅबमध्ये केळीची रोपं बाटलीत वाढतात. संग्रामपूरच्या रस्त्याला सरांचं घर, घरामागे लॅब आणि लॅबच्या कोपऱ्यात ऑटोक्लेव्ह. मालक सर, पण तो चालवायची मी. लग्नातल्या पातेल्याएवढा तो कुकरच समजा. रोपांचं खाद्य भरलेल्या बाटल्या आत ठेवायच्या, झाकणाचे नट आवळायचे, तोटी उघडून आतली हवा जाऊ द्यायची, मग तोटी बंद करून दाब चढवायचा. काटा हिरव्या रेघेवर आला की जंतू मेले. काट्यावर माझा देवावर असावा तसा भरवसा होता.

उन्हाळ्यात बाटल्यांवर बुरशी यायला लागली. आधी एखाददुसरी, मग रॅकच्या रॅक. सर लॅबमध्ये येऊन माझ्या हातांकडे बघायला लागले. नजरेत सगळे सवाल: हात धुतले का, नट नीट आवळले का, मोबाईलवर तर नव्हती बसली? इतकी वर्षं जीव लावून काम केलं, आणि आता मी चोर असल्यासारखं बघता? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भीतीही होतीच. आजूबाजूला दुसरी लॅब नाही, आणि बाटल्या नासवणारी बाई म्हणून नाव झालं असतं तर मला दारात कोणी उभं केलं असतं?

मग एक दिवस एक माणूस आला आणि ऑटोक्लेव्हला पांढरा डबा बसवून गेला. डब्याची वायर आत सोडलेली.

"आतलं तापमान आता माह्या मोबाईलवर दिसते, ताई," सर म्हणाले. "वावरात असलो तरी."

"मशीनचंच दिसते, का मीबी दिसतो त्याच्यात?"

सर हसले. मला त्या हसण्याचाच संशय आला.

डब्यावर हिरवा दिवा लुकलुकायचा. त्यात कॅमेरा आहे, अशी माझी खात्रीच होती. मी त्यावर रुमाल टाकून ठेवायचे. घरचा फोन आला की बाहेर लिंबाखाली जाऊन हळू आवाजात बोलायचे. तर नवरा विचारतो, "काऊन वो, लपून काऊन बोलून राह्यली?" घ्या! म्हणजे घरीही संशय.

एका सोमवारी सर मोबाईल घेऊनच आत आले.

"काटा कुठी हाय, ताई?"

"रेघेवर. पाहा ना."

"इथं तर तापमान कमीच दाखवते."

म्हटलं, झालं, आता घरी बसा. पण तोंड गप्प राहील तर ना. "मंग तुमचा डबाच खोटा असन!"

सरांनी मागचं बघायला बोटानं स्क्रीन सरकवली आणि थांबले. रविवारी दुपारी तापमानाची रेघ चढलेली होती. रविवारी लॅब बंद असते.

"काल आल्या होत्या तुमी?"

"मी? मी सोनाळ्याले होती, बारशाले! कोनालेबी इचारा. अन् दुसरी किल्ली तुमच्या घरात खुंटीले असते, माह्या नाही."

आमचा आवाज ऐकून सरांचे वडील दारात आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांनी खिशातून मूठभर शेंगा काढून माझ्यापुढे धरल्या. उकडलेल्या.

"घे पोरी. घरी गॅसवर लय वेळ लागते. तुमच्या कुकरात झटक्यात होते. मी दर रविवारी लावतो."

ताज्या उपटलेल्या शेंगा, मातीसकट! दाब उतरल्यावर मी तोटी खोलून पाहिली. आत माती आणि टरफलांचा गाळ घट्ट बसला होता. हवा पुरती बाहेर जातच नव्हती. ती आत अडकून राहायची, काटा दाब दाखवायचा, आणि बाटल्यांना हवी तेवढी आच लागायचीच नाही.

आबा शेंगा सोलत उभे. सर जमिनीकडे बघत म्हणाले, "चला, कारण सापडलं. हा डबा काढूनच टाकू आता. मशीन तापलं का उगी मोबाईल वाजते, मी पाहतबी नाही."

मला असा राग आला! माझ्यावर नजर ठेवायची होती तोवर डबा चांगला. घरचं माणूस सापडलं, तर लगेच काढा?

"राहू द्या, सर," मी म्हटलं. "अन् माह्या मोबाईलवरबी लावून द्या."

त्यांनी लावून दिलं. मी डब्यावरचा रुमाल उचलून पिशवीत टाकला.

पुढच्या रविवारी जेवण करून जरा आडवी झाले, तर मोबाईल वाजला. रेघ चढत होती. मी तडक सरांना फोन लावला.

"सर, आबाले इचारा, आज काय उकडून राह्यले."

"आबा झोपले हायत. मीच हाव, ताई. तोटी साफ झाली का, ते पाहून राह्यलो."

"मंग सांगून करत जा ना! मले वाटलं, चोर हाय."

पलीकडे तोटीतून वाफ सुटल्याचा आवाज आला.

"चुकलं, ताई," सर म्हणाले.