आपलंच रक्त

प्रयोगशाळेत सगळे तिला पेशीमावशी म्हणत. म्हातारपणी शरीराची राखण, म्हणजे रोगांशी लढायची ताकद, ढिली का पडते, हे शोधण्यात तिचा जन्म गेला. आणि गंमत बघा, साठी उलटली तशी तिची स्वतःचीच राखण ढेपाळली! साधी सर्दी छातीत उतरायची, आवाज घोगरा व्हायचा, बाई अंथरूण धरायची. इकडे लेकीचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हा खोकला घेऊन बाळाजवळ फिरकायचं नाही." मावशीचा जीव त्या न जन्मलेल्या बाळात अडकला होता हो.

प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये तिच्याच रक्तातल्या राखणदार पेशी होत्या. तिशीत असताना तरुण रक्ताचा नमुना हवा म्हणून तिनं स्वतःचंच रक्त काढून गोठवलं होतं. त्याच पेशी परत अंगात भरायच्या, असं तिनं मनात घेतलं.

नर्स मैत्रीण म्हणाली, "अगं, आधी काचेच्या बशीत आजच्या रक्ताशी जुळवून तरी बघ."

"माझंच रक्त मला कशाला बाधेल? तू टोच!"

परक्याचं रक्त असतं तर हिनंच दहादा जुळवलं असतं. पण आपलं म्हटलं की शहाण्याचीही अक्कल गहाण पडते.

सकाळी सुई टोचून झाली. कुपीच्या तळाशी चार थेंब उरले. वाया घालवायची सवय नाही, म्हणून तिनं ते आपल्या ताज्या रक्तात मिसळून उबेत ठेवले. दुपारी चहा पिता पिता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कप तसाच राहिला.

तरुण पेशी म्हाताऱ्या पेशींना एकेक करून घेरत होत्या. घाई नाही, गडबड नाही. चिकटायच्या, आणि मधली पेशी विरून जायची. परक्याला मारतात तशा. कुंपणानंच शेत खायला घेतलं होतं.

"अगं बायांनो, मी आहे गं! मीच!" ती काचेवर ओरडली.

तेवढ्यात फोन वाजला. लेक रडत रडत हसत होती. "आई, मुलगी झाली! डोळे अगदी तुझे. खोकला गेला ना गं तुझा? ये ना."

खोकला खरंच गेला होता. सकाळपासून एकदाही ढास लागली नव्हती. सुई टोचलेल्या दंडातून एक ऊब हळूहळू गळ्याकडे चढत होती.

"येते हं बाळा," ती म्हणाली. घोगरेपणा कुठल्या कुठे! आवाज कसा कोवळा, खणखणीत, तिशीतला.

पलीकडून लेकीनं जरा घाबरून विचारलं, "कोण बोलतंय? आईला द्या ना फोन."