तळाचा पत्रा

राजारामपुरीतल्या त्या पत्रेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण बदनामी मात्र गावभर होऊ दिली. आता खरं सांगतो.

जुन्या गाडीचा तळ तो बोटाने ठोकून, कान लावून ऐकायचा, डॉक्टरने छाती तपासावी तसा. नव्वदच्या दशकात माझ्या गाडीतलं मॅटिंग उचलून त्याने गंज खरवडला आणि कोपऱ्यात उरलेला कंपनीचा मूळ राखाडी रंग मला कौतुकाने दाखवला.

"पावणं, तळ सडलाय. गंज काढून रेड ऑक्साइड मारू, खालनं डांबर देऊ."

"तळ कोण बघतंय? बाहेरनं चकाचक रंगव," मी म्हणालो.

महिन्याभरात सासऱ्यांना ऐटीत गगनबावड्याच्या घाटात नेलं. एका वळणावर शेजारच्या सीटवर बसलेल्या त्यांनी घाबरून नसलेला ब्रेक दाबला आणि पाय चपलेसकट तळातून खाली गेला. पाय परत आला, चप्पल घाटातच राहिली.

"पत्रेवाल्याने फसवलं," मी म्हणालो.

सासरे एका चपलेनिशी थेट त्याच्या दुकानात. त्याने शिव्या ऐकल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "व्हय, चुकलं माझं."

त्याने नवा तळ घातला, तोही मूळच्या राखाडी रंगात. सासरे लांब गेल्यावर मी विचारलं, "खरं का नाही बोललास?"

"गाडीचा तळ उघडा केला तर दुरुस्त हुतोय. सासऱ्याम्होरं जावयाचा उघडा केला तर कोण दुरुस्त करणार?"

पुढे सासरे भेटेल त्याला सांगत, त्या दुकानात जाऊ नका. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो.